मामाची गाईडं आणि भाच्याची पेन्सिल

प्रश्न:

मी छत्तीस वर्षांचा आहे. वारज्यात राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. लहानपणी घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला तेव्हापासून खेळतोय. कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘जीटीए : सॅन अँड्रियास’चं गाईड हाती लागलं. आत नकाशे, एकेका मिशनची उकल, कुठे काय दडलंय त्याच्या याद्या. तेव्हापासून गाईडांचं वेड लागलं ते लागलंच. आज माझ्याकडे दीडशेच्या आसपास गाईडं आहेत. प्रिमा, ब्रेडीगेम्स, पिगीबॅक, फ्यूचर प्रेस अशा प्रकाशनांची. काही जुन्या बाजारात मिळाली, बरीचशी परदेशातल्या मित्रांनी बॅगेतून आणून दिली. चाळीसेक तर प्लास्टिकमधून बाहेरच काढलेली नाहीत.

यंदा भाऊबीजेला ताई आली आणि बारा वर्षांचा भाचा सुट्टीभर आमच्याकडे राहिला. तो माझ्या निन्टेंडो स्विच या गेमयंत्रावर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ खेळतो. मी ऑफिसला गेलेलो असताना त्याने कपाटातून त्या गेमचं गाईड काढलं आणि त्याला सापडलेल्या श्राइनपुढे, म्हणजे गेममधल्या कोडी आणि आव्हानं असलेल्या लहान देवळांपुढे, पेन्सिलीने खुणा केल्या. संध्याकाळी ते बघून मी फार बोललो. तो रडला. दुसऱ्या दिवशी ताई येऊन त्याला घेऊन गेली. जाताना म्हणाली, “तू पुस्तकंच सांभाळ.” त्यानंतर तिचा फोन नाही.

बायको म्हणते, अख्खं एक कपाट अडलंय आणि तू ती उघडतही नाहीस. मित्र म्हणतात, यूट्यूब असताना पुस्तक कशाला, आणि गाईड बघून खेळणं म्हणजे कॉपीच. बाबांचं म्हणणं, दहावीला गाईड आणि आता खेळायलाही गाईड. कुणाचंच पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. त्या खुणा खोडून पुस्तक पहिल्यासारखं होईल का? ताईशी काय बोलू? आणि ‘एल्डन रिंग’ या गेमच्या फ्यूचर प्रेसच्या गाईडाचे दोन खंड घ्यायचं मनात आहे. घेऊ का?

— वारज्याचा एक संग्राहक

उत्तर:

खुणा खोडू नका.

गाईडं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली असतात. मऊ खोडरबराने पेन्सिल निघते, पण घासलेल्या जागेची चकाकी जाते आणि तिरप्या उजेडात तो डाग खुणेपेक्षाही जास्त दिसतो. ही झाली कागदाची बाजू. पण खोडू नका म्हणण्याचं माझं खरं कारण दुसरं आहे. तुमच्या भाच्याने त्या पुस्तकाचं नेमकं तेच केलं, ज्यासाठी ते छापलं गेलं.

त्याने काय केलं ते जरा त्याच्या बाजूने बघा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये १२० श्राइन आहेत आणि ९०० कोरोक, म्हणजे जागोजागी लपलेले छोटे जीव. गेममधल्या नकाशावर दिसतं ते सापडलेलं. पुस्तकातल्या यादीवर खूण केली की दिसतं ते उरलेलं. बारा वर्षांच्या मुलाने कुणी न सांगता हा फरक ओळखला, पेन न घेता पेन्सिल घेतली आणि कामाला लागला. गाईड कसं वापरायचं हे ज्याला न शिकवता कळतं असं माणूस तुमच्या घरात आहे. दीडशे गाईडं जमवणाऱ्या मामाला याहून चांगला वारसदार कुठे मिळणार?

म्हणून ताईच्या आधी भाच्याला फोन करा. लांबण लावू नका. “मी उगाच ओरडलो, पुस्तक तुझ्यासारख्यांसाठीच असतं,” एवढं म्हणा आणि लगेच विचारा, किती श्राइन झाल्या, कुठली अडली आहे. त्या पुस्तकाची किंमत, ते कुणी कुठून आणलं, हे या फोनवर अजिबात काढू नका. किंमत ऐकली की मूल ते पुस्तक पुन्हा हातात घेणार नाही. ताईशी बोलणं त्यानंतर सोपं जाईल. तिचा राग पुस्तकांवर नाही, मुलगा रडत घरी आला याचा आहे, आणि तो हसत “मामाचा फोन होता” म्हणाला की तुमचं अर्धं काम झालेलं असेल. उरलेलं अर्धं मात्र फोनवर करू नका, तिच्या घरी जा. भाऊबीजेला आलेली बहीण रुसून परत गेली आहे, तेव्हा जायची पाळी तुमचीच.

आता कॉपीच्या आरोपाकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच खुपलं. तुम्ही इतकी वर्षं या पुस्तकांवर जीव लावला, आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यात तुम्हालाच वाटतंय की मित्र म्हणतात ते खरं असेल.

ते खरं नाही. गेम आणि त्याची माहिती एकमेकांना देणं या दोन गोष्टी जवळजवळ एकत्रच वाढल्या आहेत. १९८४ साली जपानमध्ये नामको कंपनीचा ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ आला. साठ मजल्यांचा बुरूज, मजल्यामजल्यावर एखादी लपलेली वस्तू, आणि ती कशी बाहेर काढायची याचा पडद्यावर मागमूस नाही. त्यातल्या काही वस्तू नसतील तर शेवट गाठताच येत नाही. एकट्या माणसाला ते सुटणं जवळपास अशक्य होतं. मग गेम सेंटरमध्ये वह्या ठेवल्या गेल्या. ज्याला जे सापडेल ते तो लिहून ठेवी, दुसरा ते वाचून पुढच्या मजल्यावर जाई. गाईड नावाच्या वस्तूचा उगम मला त्या वह्यांत दिसतो, आणि त्यात कुणी कुणाची नक्कल करत नव्हतं, सगळे मिळून एक बुरूज चढत होते.

त्या काळचे कितीतरी गेम असेच होते. ‘कॅसलव्हेनिया’च्या दुसऱ्या भागात एका ठिकाणी लाल स्फटिक हातात घेऊन कड्याशी गुडघे टेकून थांबावं लागतं, मग वावटळ येते आणि पुढे नेते. हे कुणाला आपणहून सुचेल? आणि गेममधले गावकरी जे सांगतात त्याचं इंग्रजी भाषांतर इतकं गडबडलेलं की मदतीऐवजी घोटाळाच होतो. अमेरिकेत निन्टेंडो या गेम कंपनीने तर अडलेल्या मुलांसाठी फोनवर उत्तरं देणारी माणसं नेमली होती. ती समोर नकाशे आणि टिपणांच्या फायली ठेवून बसत. १९८८च्या जुलै-ऑगस्टमध्ये कंपनीने ‘निन्टेंडो पॉवर’ हे मासिक सुरू केलं, ते २०१२च्या डिसेंबरपर्यंत चाललं. १९९५ साली अमेरिकेत ‘अर्थबाउंड’ विकायला आणला तेव्हा तर गाईड गेमच्याच खोक्यात घालून दिलं, आणि त्यासाठी खोकं नेहमीपेक्षा मोठं केलं. बनवणारेच जर गाईड सोबत देत असतील तर खेळणाऱ्याने ते उघडलं यात चोरी कसली?

आणि आपल्याकडचं आठवा. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या वाड्यांत, सोसायट्यांत ते स्वस्तातले गेम आले, एकाच काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) शेकडो गेम असल्याची बढाई मारणारे. सोबत पुस्तिका नाही, सूचना नाही, मासिक तर दूरच. पण ‘काँट्रा’चा तो वर वर, खाली खाली, डावी उजवी डावी उजवी असा बटणं दाबायचा मंत्र पोरापोरांतून सगळीकडे पोचला आणि तीनऐवजी तीस जीव मिळू लागले. कुणाच्या तरी शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो लिहिलेला असायचा. या क्रमाची गोष्ट तुमच्या मित्रांना जरूर सांगा. तो कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करताना आत घातला, कारण तपासणीसाठी खेळताना तो गेम त्यांना स्वतःलाच फार कठीण जात होता. हाशिमोतो २०२० साली गेले. ज्याने गेम बांधला त्याने मदत घेतली, तर वारज्यातल्या माणसाने घेतली म्हणून काय बिघडलं?

राजगडाचा नकाशा खिशात असला म्हणून कुणाला गड चढल्याचं श्रेय कमी मिळत नाही. पाली दरवाज्याने जायचं की गुंजवण्याच्या बाजूने चोर दरवाज्याने, हे आधी वाचून ठरवता येतं. पायऱ्या मात्र आपल्याच गुडघ्यांनी चढाव्या लागतात. गाईड तुम्हाला सांगतं की हा राक्षस तिसऱ्या वारानंतर क्षणभर थांबतो. तो क्षण पकडायला तुमचंच बोट लागतं, आणि ते वीस वेळा चुकणारच असतं.

पण गाईड कधी उघडायचं याबद्दल माझी मतं आहेत आणि ती मी लपवणार नाही. कथा असलेला गेम पहिल्यांदा खेळताना पुस्तक मिटलेलं असावं. वाट चुकणं, नको त्या गुहेत शिरणं, दोन तास फुकट जाणं, हे सगळं त्या पहिल्या खेळण्याचा भाग आहे आणि ते पुन्हा कधीच मिळत नाही. खरोखर अडलात, म्हणजे त्याच जागी दोन संध्याकाळी गेल्या आणि मजा संपून चिडचिड सुरू झाली, की तेवढंच पान उघडावं. गेम संपला की मग मात्र पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं. चांगल्या गाईडची गोडी तेव्हाच कळते. आपण ज्या खोलीतून धावत गेलो तिथे भिंतीमागे काय होतं, कुठल्या शस्त्राचं गणित कसं चालतं, गेम जे आकडे कधीच दाखवत नाही ते आत काय करत होते, हे सगळं उलगडतं आणि मग दुसऱ्यांदा खेळायची हौस येते.

एक अपवाद मी मानते. काही गेम खेळणाऱ्याशी न्यायाने वागत नाहीत. २००६ साली आलेल्या ‘फायनल फँटसी १२’मध्ये झोडिअॅक स्पिअर नावाचा अतिशय ताकदीचा भाला आहे. गेमभर विखुरलेल्या चार विशिष्ट पेट्या तुम्ही उघडल्या नाहीत तरच तो ठरलेल्या जागी मिळतो. त्या पेट्या इतर पेट्यांसारख्याच दिसतात आणि त्यातली एक तर सुरुवातीच्या शहरातच आहे. पेटी दिसली की उघडायची असं गेमनेच शिकवलेलं, आणि त्याचीच शिक्षा पन्नास तासांनी. गाईडं खपावीत म्हणून हे असं रचलं, अशी शंका तेव्हापासून खेळणारे बोलून दाखवत आले आहेत. अशा ठिकाणी आधीच पान उघडून बघायला मला काहीही गैर वाटत नाही.

यूट्यूबचं म्हणाल तर मित्रांचं थोडं बरोबर आहे. एखादी उडी कशी मारायची हे दाखवायला व्हिडिओसारखं साधन नाही, आणि कागदावर बाण काढून ते कधीच तितकं नीट कळत नाही. १९९५पासून गेमएफएक्यूज या वेबसाइटवर हौशी खेळाडूंनी नुसत्या अक्षरांनी नकाशे काढून जी टिपणं फुकट लिहिली, त्यांतली कित्येक छापील गाईडांपेक्षा अचूक आहेत. छापील गाईडांत चुका असतात हे तुम्हालाही माहीत असेल. गेम दुकानात येईल त्याच दिवशी पुस्तकही यायला हवं, म्हणून लिहिणाऱ्यांना अर्धवट तयार गेमवर काम करावं लागे. मग शेवटच्या आठवड्यांत गेममध्ये काही बदललं की पुस्तक तिथे चुकलं. हल्ली तर विक्रीनंतरही अपडेट येत राहतात आणि आकडे जुने होतात.

तरीही छापलेल्या पुस्तकाच्या बाजूने मी एकच उदाहरण देईन. ‘फायनल फँटसी ९’चं ब्रेडीगेम्सचं गाईड. २००० साली ते काढताना ठरलं की पुस्तकात थोडंच द्यायचं आणि बाकीच्यासाठी वाचकाला प्लेऑनलाइन या साइटवर पाठवायचं. पानोपानी चौकटी, त्यात एकेक संकेतशब्द, तो साइटवर टाका म्हणजे पुढची माहिती मिळेल. पैसे देऊन पुस्तक घेतलेले लोक तेव्हाच संतापले होते. आज साइटवरची ती पानं जागेवर नाहीत, त्या चौकटी कुठेच जात नाहीत. पण त्याच पुस्तकात जे कागदावर छापलं ते अजून जसंच्या तसं वाचता येतं. तुमच्या संग्रहात ते असेल तर भाच्याला दाखवा. साइटवर टाकलेलं सगळं कायम राहतं असं त्याच्या पिढीला वाटतं.

छापील गाईडांचा धंदा आता जवळजवळ आटोपला आहे. १९९०पासून चाललेली प्रिमा आणि १९९३ची ब्रेडीगेम्स, या दोन मोठ्या प्रकाशनांचं २०१५ साली विलीनीकरण झालं आणि २०१८च्या नोव्हेंबरात प्रिमाची छापील गाईडं बंद होत असल्याचं जाहीर झालं. पिगीबॅक, फ्यूचर प्रेस अशी मोजकी मंडळी उरली. म्हणजे तुमच्या कपाटातलं बरंचसं पुन्हा छापलं जाणार नाही. तुम्ही भाच्यावर चिडलात त्यामागे हीच धास्ती होती, हे मी समजू शकते.

म्हणूनच त्या चाळीस बंद पुस्तकांबद्दल स्पष्ट बोलते. ती उघडा. एखाददुसरं, ज्याची दुसरी प्रत तुमच्याकडे आहे, ते राहू द्या तसंच. बाकीची उघडा. घट्ट गुंडाळलेल्या प्लास्टिकमध्ये मऊ बांधणीचं पुस्तक वर्षानुवर्षं राहिलं की कडांकडून वाकतं, आणि आत काय चाललंय हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. पण समजा वाकलं नाही, तरी काय? आत नकाशा आहे तो घडीतून बाहेर आला नाही, कुणी तरी रात्र रात्र खेळून केलेली कोष्टकं एकाही डोळ्याने वाचली नाहीत. बायको “उघडतही नाहीस” म्हणते तेव्हा ती कपाटाच्या जागेबद्दल बोलते आहे असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं ती तुमच्याबद्दल बोलते आहे. सॅन अँड्रियासचं गाईड घरी आणून रात्रभर वाचणारा माणूस कुठे गेला, असं ती विचारते आहे.

एखाद्या रविवारी बाजीराव रोडवरच्या नातू बागेत, राजा केळकर संग्रहालयात जा. भाच्याला घेऊन जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलं ते काय? दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपं, पेट्या, वाद्यं. लोकांनी रोजच्या वापरात झिजवलेल्या वस्तू. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि पुढे शासनाच्या हवाली केला. तिथल्या अडकित्त्याच्या मुठीवर बोटांनी पडलेली झीज असते आणि आपण थांबून तीच बघतो. जुन्या बाजारात मिळालेल्या तुमच्या गाईडांतही कुणीतरी आधीच खुणा केलेल्या असतीलच, एखाद्या राक्षसाशेजारी “आग वापर” लिहिलेलं असेल. त्या पानाशी तुम्ही नक्की थांबला असाल. भाच्याच्या खुणाही त्याच जातीच्या आहेत, एवढंच की त्या कुणी केल्या हे तुम्हाला माहीत आहे.

वापरायचं म्हणजे हेळसांड करायची असं मात्र नाही, आणि पुण्यात राहून पुस्तकं टिकवायची तर जुलै-ऑगस्टची भीती धरायलाच हवी. आर्ट पेपरवर एक लेप असतो. दमट हवेत पानं एकमेकांना चिकटू लागतात, आणि पाणीच लागलं तर सुकल्यावर ती वीट होते, ओढून सोडवायला गेलं की छपाईसकट कागद निघतो. म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका. पावसाच्या बाजूची भिंत असेल तर मुळीच नको. मागे चार बोटं जागा सोडा. खालचा कप्पा रिकामा ठेवा किंवा त्यात पुस्तकांखेरीज काहीही ठेवा, वाळवी तिथूनच येते. पुस्तकं उभी ठेवा, पण इतकी कोंबून नको की काढताना कणा धरून ओढावा लागेल. जाड गाईडांची बांधणी नुसत्या डिंकाची असते, ती सपाट उघडून दाबली की पानं सुटायला लागतात. ओट्यावर किंवा मांडीवर अर्धवट उघडी धरून वाचायची सवय भाच्यालाही लावा. सुटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. सुटी पानं एका पाकिटात घालून त्याच पुस्तकात ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडाच्या पुरचुंडीत आणि कागदापासून लांब. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की एक सुट्टीचा दिवस काढून सगळी पुस्तकं बाहेर काढा, पानं फडफडवा, कपाट पुसा. उन्हात मात्र मांडू नका, रंग उडतात. हे काम एकट्याने कंटाळवाणं आहे आणि भाच्याबरोबर फार मजेचं आहे.

पोस्टर-नकाशांना घडीचीच भीती असते. चार-पाच वेळा उघडमीट झाली की घडीच्या चौकात भोक पडतं. ज्या गाईडांत असा नकाशा असेल त्याचे ए-थ्री आकारात रंगीत झेरॉक्स काढून घ्या, लागतील तितके तुकडे जोडा आणि भाच्याच्या खोलीच्या भिंतीवर लावा. तिथे त्याने स्केचपेन चालवलं तरी हरकत नाही. आणि दोघांत एक साधा नियम करा: जो गेम तो खेळतो आहे त्याच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहायची त्याला मुभा. तुमची अगदी जुनी, पुन्हा न मिळणारी दहा-बारा पुस्तकं एका कप्प्यात. ती तुमच्यासमोर बघायची. मुलांना असे नियम पटतात, कारण सांगितलं की.

तुम्हीही लिहायला लागा. गाईडात चूक सापडली, अपडेटने आकडा बदलला, की समासात पेन्सिलीने दुरुस्ती करा, शेजारी तारीख टाका. तुम्ही इतकी वर्षं खेळताय; तुमच्या डोक्यात जे आहे ते त्या पुस्तकांत नाही. आणि मराठीत लिहा. भाच्याला इंग्रजी गाईड वाचता येत असेल, पण मामाच्या अक्षरातली “इथे आधी बाण मार, मग पळ” ही ओळ त्याला जास्त पटकन समजेल.

कपाटाचं थोडक्यात सांगते. बायकोबरोबर बसून यादी करा, खरोखर बसून, आणि दुसऱ्या प्रती, तुम्ही कधी खेळलाच नाहीत आणि खेळणारही नाही अशा गेमची पुस्तकं बाजूला काढा. ती विका किंवा गेम खेळणाऱ्या पोरांना द्या. रद्दीत घालू नका. एक कपाट ही मर्यादा मान्य करा आणि ती स्वतःहून सांगा. मर्यादा तुमच्या तोंडून आली की तिच्या तोंडून यायची गरज उरत नाही. पैशांचा हिशेबही त्याच बैठकीत दाखवा. तुम्ही पत्रात रकमेबद्दल काही लिहिलं नाही, पण मला वाटतं घरातही ते कधी बोलला नसाल.

बाबांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. त्यांना एखादं गाईड हातात द्या, शक्यतो नकाशांचं. नकाशा समोर आला की त्या पिढीतली बहुतेक माणसं बोट ठेवून वाटा शोधायला लागतात.

राहिला ‘एल्डन रिंग’. दोन्ही खंड एकदम घेऊ नका. २०२२ साली आलेल्या या पुस्तकांत पहिला खंड प्रदेशाचा आहे: कुठून कुठे जायचं, कुठे काय आहे, कुणाची कथा कुठे पुढे सरकते. दुसऱ्यात शत्रू, शस्त्रं आणि त्यांची गणितं. पुस्तकं छापल्यानंतर गेममध्ये अनेक अपडेट आले आणि शस्त्रांचे, मंत्रांचे आकडे हलले, त्यामुळे दुसरा खंड आकड्यांसाठी घेतलात तर पदोपदी तपासून घ्यावा लागेल. डोंगर, किल्ले आणि गुहा मात्र जागेवरच आहेत. आधी पहिला घ्या. गेम अजून खेळला नसाल तर निदान लिमग्रेव्ह हा सुरुवातीचा प्रदेश आणि स्टॉर्मव्हेल किल्ला पुस्तक न उघडता पार करा. आणि पार्सल घरी आलं की त्याच संध्याकाळी प्लास्टिक फाडा.